गाईच्या देखत नको

"ताई, चार ओळी लिहून दे ना मला," धाकटी म्हणाली. "माणसांपुढे उभं राहून बोलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. गाईच्या पोटात हात घालताना नाही येत, माणसांपुढे येतो."

दवाखान्याच्या मागच्या नळाखाली ती कोपरापर्यंत हात धूत होती. गमबूट चिखलानं माखलेले, केस कशातरी एका रबरात कोंबलेले, आणि तोंडात टॉवेलचं टोक. थोरली दाराशी खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि बराच वेळ पान उलटलेलं नव्हतं.

दवाखाना गुरांचा होता. वडील जाईपर्यंत तो वडिलांचा होता, आणि येत्या रविवारी तो सगळ्यांसमक्ष धाकटीचा होणार होता. दूध संघाची माणसं, आसपासचे गोठेवाले, वडिलांचे जुने सहकारी आवारात जमणार, भिंतीवर वडिलांचा फोटो लागणार, दारावरच्या पाटीवर धाकटीचं नाव येणार आणि धाकटी दोन शब्द बोलणार. त्या दोन शब्दांवरून तिनं आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं.

"तू एवढ्या मोठ्या शब्दकोशाच्या कचेरीत काम करतेस," ती टॉवेल तोंडातून काढत म्हणाली, "तुला काय, डाव्या हातचा मळ. फार मोठं नको. बाबांबद्दल थोडं, लोकांचे आभार, आणि तो फीचा किस्सा. तो मात्र हवाच हं."

"कुठला फीचा?" थोरलीनं विचारलं. तिचा आवाज अगदी सरळ होता.

"कमाल करतेस! सगळ्या गोठ्यांना पाठ आहे आणि घरच्या माणसाला माहीत नाही? अगं, मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. एक कालवड अडली होती, वासराची मान उलटी वळलेली. मी आडवी पडून खांद्यापर्यंत हात आत घातलेला, घाम डोळ्यांत जातोय, आणि बाबा माझ्या शेजारी उकिडवे बसून शांतपणे सांगतायत, जुन्या इंग्रजीत फी म्हणजे काय माहितीये का? गुरं! गुरं म्हणजेच पैसा, पैसा म्हणजेच गुरं. आपल्या पशू शब्दाची सख्खी बहीण. मग म्हणाले, म्हणून तिच्या देखत तिच्या किमतीचं बोलायचं नाही. तेव्हापासून आम्ही गोठ्यात कधी फीचं नाव काढत नाही. फाटकाबाहेर आलं की मगच." तिनं टॉवेल खांद्यावर टाकला. "काय माणूस होता ना? कुठून शोधून काढायचे कोण जाणे."

"हो ना," थोरली म्हणाली. "कुठून काढायचे कोण जाणे."

मग तिनं पुस्तकाचं पान उलटलं, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

*

ते वडिलांनी कुठूनही शोधून काढलं नव्हतं. ते थोरलीनं त्यांना सांगितलं होतं.

या घरात दोन मुलींची वाटणी फार लवकर झाली होती, कुणी बसून केली नव्हती, तरी झाली होती. थोरली सात-आठ वर्षांची असताना वडील तिला एका गोठ्यावर घेऊन गेले. व्यायल्यावर गाईची वार अडकली होती. तो वास नाकात गेला आणि थोरलीनं तिथल्या तिथे ओकारी काढली, ती नेमकी वडिलांच्या बॅगेत. वडील रागावले नाहीत. त्यांनी तिचं तोंड धुतलं, घरी आणलं आणि म्हणाले, "जा बाळ, तू आत वाच." माणूस मायेनं बोलला होता, पण तिला ते दार लागल्यासारखं ऐकू आलं. ती आत गेली आणि वाचत राहिली. धाकटी चालायला लागली ती जीपकडेच. वडील तिला "गडी" म्हणायचे. "चल रे गडी," की ही पोरगी जेवणावरून उठून पळायची. थोरलीला ते "पंडितीणबाई" म्हणत. त्यात कौतुक होतं, नाही असं नाही. पण पंडितीणबाईंना माणूस नमस्कार करतो आणि गड्याच्या खांद्यावर हात टाकतो.

पुढे धाकटी शिकून गुरांची डॉक्टर झाली आणि जेवणाच्या टेबलावर तिचं आणि वडिलांचं जे सुरू व्हायचं ते पू, जंत आणि सुजलेल्या कासेपर्यंत गेल्याखेरीज थांबायचं नाही. आई म्हणायची, "जेवताना तरी नको रे देवा." मग दोघं हसायची. एकसारखी हसायची, आधी नाकातून आणि मग एकदम मोठ्यानं. दोघांच्या अंगाला एकाच औषधी साबणाचा वास यायचा. सुट्टीत घरी आलेली थोरली भातात बोटं फिरवत बसायची आणि मनात म्हणायची, आपल्याला या घरात काय कमी आहे? आणि लगेच तिलाच उत्तर सुचायचं: तो वास.

एकदाच तिचा नंबर लागला होता.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जुनी इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली तेव्हा. मास्तरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला, फेओ. अर्थ दोन, एक पैसा आणि दुसरा गुरं. त्या काळी ज्याच्याकडे गुरं त्याच्याकडे संपत्ती, तेव्हा वेगळ्या शब्दाची गरजच काय? लॅटिनमध्ये त्याची बहीण पेकू, आपल्याकडे पशू. आजची फी तीच, मास्तर म्हणाले आणि पुढच्या शब्दाकडे वळले. थोरली वळली नाही. संध्याकाळी वसतिगृहाच्या बोळातल्या फोनपाशी ती रांगेत उभी राहिली. घरच्या फोनची रीत ठरलेली होती. वडील उचलत, "बरी आहेस ना? पैसे पुरतायत ना? थांब, आईला देतो" म्हणत आणि रिसीव्हर आईच्या हातात जाई. त्या दिवशी त्यांनी "थांब" म्हणायच्या आत तिनं एका दमात सांगून टाकलं.

मग वडील म्हणाले, "परत सांग."

तिनं परत सांगितलं.

"म्हणजे आपला पशू आणि ती फी, सख्ख्या बहिणी?"

"सख्ख्याच म्हणा ना."

"म्हणजे मी गाय बरी करतो आणि बदल्यात गायच घेऊन येतो?" आणि ते हसले, आधी नाकातून, मग मोठ्यानं. तिच्याशी बोलताना असे ते कधी हसले नव्हते. मग त्यांनी विचारलं, मेंढ्या धरायचे का त्यात? घोडे? कोंबड्या? तिला माहीत नव्हतं. "बघून सांग," ते म्हणाले. मागची मुलगी तिची वेणी ओढून "अगं आटप ना, लग्न ठरतंय का तुझं?" म्हणत होती. शेवटी आईनंच त्यांच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

त्या एका फोनवर थोरलीनं पुढे कितीतरी वर्षं काढली. शब्दांच्या धंद्यात ती पडली त्याची कारणं विचारणाऱ्यांना ती काहीबाही सांगे. खरं कारण ते होतं. आपला वडिलांशी एक शब्द आहे, असं तिला वाटायचं. दुसऱ्या कुणाचा त्यात वाटा नाही. लोकांकडे वडिलांची जमीन असते, घर असतं, नाक असतं. आपल्याकडे एक शब्द.

आणि तो शब्द वडिलांनी गड्याला देऊन टाकला होता, कालवडीच्या मागे चिखलात बसून. धाकटीला तो आयता मिळाला होता, वर घाम, चिखल आणि खांद्याला लागलेला खांदाही मिळाला होता. थोरलीला मिळाली होती नुसती फोनची तार.

तिला त्या कालवडीचासुद्धा हेवा वाटला. आणि असं वाटल्याबद्दल तिला स्वतःची कीव आली, पण हेवा काही कमी झाला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला बोलावणं आलं आणि नेमका कंपाउंडर तापानं पडला होता.

"ताई, चल ना. बाटली धरायला माणूस हवंय."

"मी? माझी ओकारी विसरलीस?"

"बॅग लांब ठेवते," धाकटी म्हणाली.

गोठा नीटनेटका होता. एक उंच, करडी गाय मान पोटाकडे वळवून बसली होती. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नव्हतं. रात्री व्याली होती आणि सकाळी उठेना. वासरू कोपऱ्यात थरथरत होतं. गोठ्याची मालकीण, साठीची एक आडव्या अंगाची बाई, पदराला हात पुसत म्हणाली, "काल कशी टुणटुणीत होती हो डॉक्टरीणबाई! दृष्ट लागली मेलीला."

"दृष्ट नाही मावशी, सगळं कॅल्शियम दुधात उतरलंय," धाकटी म्हणाली. तिनं बादलीतल्या गरम पाण्यात बाटली कोमट केली, गाईच्या मानेची शीर अंगठ्यानं फुगवली, सुई आत सरकवली आणि नळी जोडून बाटली थोरलीच्या हातात दिली. "वर धर. मी बोट खाली केलं की खाली घ्यायची. भरभर गेलं तर हृदय बंद पडेल."

मग तिनं कानाला स्टेथोस्कोप लावला. तो वडिलांचा होता. त्याच्या नळीला एके ठिकाणी पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, ती थोरलीनं लहानपणी पाहिलेली. वडिलांच्या वस्तूंमधून थोरलीनं त्यांचा वाचायचा चष्मा मागून घेतला होता. तो तिच्या नंबरचा नव्हता. आणि इथे धाकटी डोळे मिटून त्याच नळीतून ऐकत होती आणि तिचं बोट हवेत हळूच वरखाली होत होतं, थेट वडिलांसारखं. थोरलीचा खांदा भरून आला, पण तिनं बाटली हलू दिली नाही. आज ओकारी आली नाही, हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

बाटली निम्मी झाली तेव्हा गाईच्या कातडीवरून एक लहर गेली. बाटली संपत आली तेव्हा गाईनं मोठी ढेकर दिली. मग पुढचे गुडघे, मग मागचे पाय, आणि एका हिसक्यात ती उभी राहिली, थोडी झोकांडली आणि जणू काही झालंच नाही अशी वासराकडे निघाली.

"अगं बाई गं!" मालकिणीच्या डोळ्यांना धार लागली. त्या भरात तिचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. "किती द्यायचे हो..."

धाकटीनं नुसता तळहात वर केला.

"हो हो, चुकलेच!" मालकीण जीभ चावून म्हणाली. "तिच्या देखत नको. चला, फाटकाकडे चला."

तिघी बाहेर आल्या. फाटक ओलांडलं, मालकिणीनं ते मागे ओढून घेतलं, गाय दिसत नाही याची खात्री केली आणि मग पैशाचं बोलणं झालं. थोरली बघत राहिली. आपण एका बोळातल्या फोनवर सांगितलेली गोष्ट इथे या बाईच्या हातात, फाटकाच्या कडीत येऊन बसली आहे, हे तिला खरं वाटेना.

"मोठे डॉक्टर कधी चुकले नाहीत हो यात," मालकीण पिशवी बांधत म्हणाली. "पहिल्यांदा मीच विचारलं होतं, का हो डॉक्टर, हे काय नवीन? तर म्हणाले, माझ्या लेकीनं शोधून काढलंय. मोठ्या मोठ्या पुस्तकांतून. पैसा आणि गुरं एकच, असं जुन्या लोकांचं म्हणणं आहे म्हणे." तिनं कौतुकानं धाकटीच्या गालाला हात लावला. "एवढीशी होती तेव्हापासूनच हुशार ही."

धाकटीनं मान खाली घातली. गमबुटाच्या टोकानं ती माती उकरत होती.

"आणि ह्या कोण?" मालकिणीनं थोरलीकडे हनुवटी केली. "नवीन कंपाउंडर का?"

"माझी बहीण," धाकटी म्हणाली.

"अगोबाई, डॉक्टरांना दोन लेकी?"

*

जीप वळणाला लागली. मग थोरली म्हणाली, "तुला माहीत होतं."

"काय?"

"कुठून शोधून काढायचे कोण जाणे, म्हणालीस ना काल? तुला माहीत होतं. मी सांगितला होता तो शब्द. माझा आहे तो."

"तुझा!" धाकटीनं करकचून ब्रेक मारला. मागची बादली धडाडली. "हो, माहीत होतं. घे, झालं समाधान? चांगलंच माहीत होतं. मी काय सांगितलं काल तुला? बाबा म्हणाले, जुन्या इंग्रजीत. असं नव्हतेच म्हणाले ते. म्हणाले होते, तुझ्या ताईनं एकदा एक गंमत सांगितली होती. अशी सुरुवात केली त्यांनी! माझा खांद्यापर्यंत हात आत, मान सापडत नाहीये, सापडली तर वळत नाहीये, पहिल्यांदाच त्यांनी मला एकटीला करू दिलेलं. मला वाटलं आता म्हणतील शाब्बास गडी. आणि म्हणाले काय? तुझ्या ताईनं! तिथेसुद्धा तूच! गाईच्या मागेसुद्धा तू!"

थोरलीला हसू यायला नको होतं. पण ते आलं. नाकातून आलं.

"हस, हस," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुला काय जातंय? तू लांब बसून आईच्या फोनवर एकेक शब्द पाठवायचास आणि तो मग महिनाभर जीपमध्ये चालायचा. ताई असं म्हणाली, ताईला विचारायला हवं, पंडितीणबाईंना पत्र टाक. रक्तानं हात बरबटायचे मी, पहाटे उठायचं मी, आणि कौतुक कुणाचं? मी एक तेवढं 'ताईनं' गाळलं. एवढंच केलं. बाकी सगळं त्यांचंच होतं."

"पत्र टाक म्हणायचे?" थोरलीनं विचारलं.

"म्हणायचे."

"मला एकही पत्र आलं नाही."

"मी टाकलीच नाहीत," धाकटी म्हणाली आणि गिअर टाकला.

थोरलीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला राग यायला हवा होता आणि तो येतही होता, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. कुणी आपला हेवा करतं हे कळणं किती गोड असतं, याची तिला कल्पनाच नव्हती. इतकी वर्षं ती भिंतीच्या ज्या बाजूला उभी राहून आतला हशा ऐकत होती, त्या भिंतीला पलीकडूनही कुणीतरी कान लावला होता. ती गोडी तिनं घरापर्यंत जिभेवर घोळवली. मग तिला त्या गोडीची लाज वाटली. तरी थुंकून टाकवेना.

आईनं दोघींची तोंडं पाहिली आणि म्हणाली, "गाय मेली का?"

"नाही. उठली," धाकटी म्हणाली.

"मग या चेहऱ्यांना काय झालंय?"

*

भाषण लिहायला थोरली दुपारी वडिलांच्या टेबलाशी बसली. धाकटी एकदा डोकावून म्हणाली होती, "तुझं नाव घाल त्यात. मी म्हणेन. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

आभार झाले, वडिलांबद्दल झालं. मग ती फीपाशी आली आणि थांबली.

कारण तो किस्सा पूर्ण खरा नव्हता, आणि ते तिला एकटीला माहीत होतं.

मास्तरांनी तेव्हा घाईत सोपं करून सांगितलं होतं. पुढे कोशात काम करायला लागल्यावर थोरलीनं तो शब्द स्वतः उकलून पाहिला. फेओचा अर्थ गुरं आणि पैसा, हे खरं. पशू त्याची बहीण, हेही खरं. पण आजची फी त्या फेओपासून सरळ चालत आलेली नाही. ती फ्रेंचांच्या घरून आली, जहागिरीसाठी त्यांचा जो शब्द होता त्याच्यातून. त्या शब्दाच्या पोटातही तेच जुनं गुरं असावं, असं बहुतेक जाणकारांना वाटतं, पण छातीवर हात ठेवून कुणी सांगत नाही. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी थोरलीनं वडिलांना पुन्हा फोन केला होता. चुकीचं सांगितलं म्हणून तिचा जीव खाली-वर होत होता.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आपली गाय परक्याच्या गोठ्यात गेली, तिकडे राहिली, आणि फिरून आपल्याकडे आली?"

"तसं असावं. पण ती आपलीच होती याची खात्री नाही बाबा."

"खात्री कशाला हवी? ओळखू येते." आणि जरा थांबून ते म्हणाले होते, "लांब गेलेली गाय परत फाटकाशी येऊन उभी राहते ना, तेव्हा ती हंबरत नाही. नुसती उभी राहते. आपणच बघून दार उघडायचं असतं. माझं राहून जातं कधीकधी बघायचं, कामाच्या नादात. तू मात्र येत जा."

त्यानंतर त्यांनी खोकल्यासारखं केलं आणि आईला फोन दिला.

हे थोरलीनं कुणाला सांगितलं नव्हतं. आता टेबलाशी बसून तिनं ते मनात पुन्हा एकदा सबंध ऐकलं, खोकल्यासकट. भाषणात दुरुस्तीची एक ओळ घातली असती तर झालं असतं. कोशाच्या कचेरीत अर्धवट व्युत्पत्ती देणाऱ्याच्या टिपणावर ती लाल रेघ मारायची, हयगय करायची नाही. पण ती एक ओळ लिहिली की धाकटी विचारणार, मग बाबा काय म्हणाले? आणि रविवारी सगळं आवार ते ऐकणार, आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येक फाटकावर ती परत आलेली गाय उभी राहणार.

तिनं लिहिलं, "जुन्या इंग्रजीत पैशाला जो शब्द होता, त्याचा अर्थ गुरं असाही होता. आजची फी तीच. हे बाबांना माझ्या ताईनं सांगितलं." आणि पेनाला टोपण लावलं.

*

रविवारी आवारात खुर्च्या अपुऱ्या पडल्या. गुरं अडकवायच्या लाकडी खोड्यात एक लंगडी गाय उपचारासाठी बांधलेली होती, तिला हलवायला कुणाला सुचलं नाही, म्हणून ती सबंध समारंभ रवंथ करत बघत होती. धाकटी उभी राहिली, दोनदा अडखळली आणि मग सावरली. "माझ्या ताईनं सांगितलं" हे ती मोठ्यानं म्हणाली, कागदात न बघता म्हणाली, आणि हातानं थोरलीकडे दाखवलं. माना वळल्या. पुढच्या रांगेतून गोठ्याची मालकीण म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते, त्या कंपाउंडर नाहीत म्हणून!" सगळे हसले. टाळ्या पडल्या. थोरलीनं हात जोडले.

तिला वाटलं होतं, आता आत काहीतरी निवेल. निवलं नाही. शब्द आता तिच्या नावानं सगळ्यांचा झाला होता, आणि जो सगळ्यांचा तो तिचा कसला? पण जे हातचं राखलं होतं ते जागच्या जागी होतं. टाळ्या ऐकताना तिनं ते चाचपून पाहिलं.

माणसं पांगल्यावर दोघी खुर्च्या एकात एक घालत होत्या. धाकटीनं चेहऱ्यावर पाणी मारलं आणि नळाशीच उभी राहून विचारलं, "ताई, बाबा त्या फोनवर आणखी काय म्हणाले होते गं? म्हणजे, एवढंच?"

तिच्या पापण्यांवरून पाणी गळत होतं. चेहरा दमलेला होता, आणि त्यात वडिलांचं कपाळ होतं. द्यावं, थोरलीच्या मनात आलं. अगदी ओठांपर्यंत आलं.

"एवढंच," ती म्हणाली. "मेंढ्या धरायच्या का, असं विचारलं होतं."

धाकटी हसली. थोरलीनं आणखी एक खुर्ची उचलली.

"आणि तुला? ते वासरू बाहेर आल्यावर काय म्हणाले तुला?"

धाकटीनं नळ बंद केला. तो आधीच बंद होता, तरी तिनं तो पुन्हा घट्ट पिळला.

"काही नाही. दोर धुऊन ठेव म्हणाले."

"खोटं."

"तू तरी कुठे खरं सांगतेस?"

थोरलीनं तोंड उघडलं, पण धाकटीनं तळहात वर केला आणि खोड्याकडे मान हलवली. लंगडी गाय त्यांच्याकडेच बघत होती.

"तिच्या देखत नको," धाकटी म्हणाली.

दोघी चालत फाटकाबाहेर गेल्या. धाकटीनं ते मागे ओढून घेतलं, कडी घातली. रस्ता रिकामा होता. तिथे दोघी शेजारी-शेजारी नुसत्या उभ्या राहिल्या.